रेग्युलेटर बदलण्याआधी सीट घासून पाहा

एअर रायफल रात्रभर हवा भरून ठेवली की पहिला छर्रा बाहेर आणि पुढचे जागेवर? रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ठरावीक ठेवणारा भाग. बहुतेक वेळा त्याची सीट, म्हणजे हवा अडवणारं प्लास्टिकचं टोक, झिरपते आणि दाब चढतो.

आधी सिलिंडर काढा आणि रायफलमधली उरलेली हवा पूर्ण सोडा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो, त्यामुळे हवा शिल्लक असताना एकही आटा सैल करू नका.

रेग्युलेटर उघडताना वाटीसारखे वायसर निघतील त्या क्रमाने, त्याच तोंडाने तारेत ओवा. एक उलटा बसला तरी सेटिंग बदलतं.

आता सीट. प्लास्टिकच्या सपाट टोकावर खोल गोल ठसा दिसेल. काचेवर २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, टोक अगदी सरळ उभं धरा आणि वजन न देता गोल फिरवा. ठसा पुसट झाला की थांबा. जास्त घासलं तर दाबच बदलतो.

ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) नवीनच घाला. इंदूरकरांनी सियागंज बाजारात जाताना जुनी सोबत न्यावी, पण ती चपटलेली असते, म्हणून खाचेचं मापही घ्यावं. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. मशीनचं तेल मुळीच नको, दाबाखालच्या हवेत ते पेटू शकतं.