गीझरमधून येणारे पांढरे कण

गरम पाण्याच्या नळाच्या जाळीत पांढरे कण साचू लागले की बहुतेक जण क्षारांना दोष देतात. परंतु ते कण आधी वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकून पाहावेत. क्षार फसफसून विरघळतात, प्लास्टिक मात्र तसेच तरंगत राहते. टाकीत येणारे थंड पाणी तळापर्यंत नेणारी प्लास्टिकची नळी उष्णतेने ठिसूळ होऊन तुटू लागली, की असे कण येतात. गरम पाणी पूर्वीपेक्षा लवकर संपत असेल, तर ही शंका अधिक बळावते, कारण नळी तुटल्यावर थंड पाणी वरच्या वर गरम पाण्यात मिसळत असते.

प्रथम वीज किंवा गॅस बंद करावा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि पाणी निवू द्यावे. थंड पाण्याचा जोड उघडून जुनी नळी काढावी व नवी बसवावी. गीझर वॉरंटीत असेल, तर हे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

खरे कष्ट पुढेच आहेत. कण तरंगत असल्यामुळे थोडेसे पाणी सोडून भागत नाही. टाकी तळापर्यंत रिकामी करून, थंड पाणी झटक्याझटक्याने आत सोडत, निचरा स्वच्छ येईपर्यंत धुवावी लागते. त्यानंतर नळांच्या व शॉवरच्या जाळ्या काढून गरम पाणी वाहू द्यावे. वॉशिंग मशीनच्या नळीच्या तोंडाची जाळी हमखास विसरली जाते. टाकी पूर्ण भरून नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नये, अन्यथा कोरडी कॉइल जळते.