मोठा ड्रॅगन रंगवताना: पंख सुटे ठेवा

बोटभर उंचीचे सैनिक रंगवून हात बसला की ड्रॅगनचं मोठं मॉडेल आणावंसं वाटतंच. पण लहान मूर्तीवर खपून जाणारा ब्रशचा ओरखडा वीतभर पंखावर लांबूनही दिसतो. त्यामुळे मॉडेल पूर्ण जोडून मग रंगवायला घेऊ नका. धड एकीकडे, पंख सुटे, आणि जबड्याच्या आत ब्रश पोहोचत नसेल तर डोकंही सुटं.

भाग रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) असतील तर आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन जुन्या टूथब्रशने घासा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पापुद्र्यासारखा सुटतो. साच्याच्या रेघा ब्लेडच्या पाठीने खरवडा आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा. कोरडा घासला तर रेझिनची धूळ नाकात जाते.

पंखाचं वजन नुसतं फेविक्विक पेलत नाही. सांध्यात दोन्ही बाजूंनी १ मिमीचं भोक ५-६ मिमी खोल पाडून जेमक्लिपची तार बसवायची. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूच्या भोकाच्या जागी ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि दुसरी बाजू त्यावर टेकवा. खूण आपोआप उमटते. आत्ता तार फक्त पंखात चिकटवा. तीच थर्मोकोलमध्ये खोचली की पंख हात न लावता रंगवता येतो.

प्रायमर आधी काळा, सगळीकडून. तो वाळला की राखाडी वरून तिरपा, आणि शेवटी पांढरा अगदी सरळ वरून, हलका. उजेड कुठे पडणार हे इथेच ठरतं, म्हणून या वेळी पंख गोंद न लावता जागेवर अडकवून ठेवा. डबा दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेमी अंतर ठेवा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. भर उन्हात किंवा फार लांबून मारला तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रे टाळलेलाच बरा. ब्रशने लावायचा प्रायमर दोन पातळ हातांत, म्हणजे थरांत, काम करतो.

लाल रंग काळ्यावर नीट झाकत नाही. आधी विटकरी तपकिरी द्या, मग लाल पातळ करून दोन-तीन हात. रंग दुधाइतका पातळ हवा. खवल्यांवर गडद तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि तो वाळल्यावर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. त्यासाठी मेकअपचा गोल मऊ ब्रश महागड्या ब्रशपेक्षा चांगला. रंग टिश्यूवर इतका पुसायचा की बोटावर फिरवला तर फक्त रेषा उमटतील. खवल्यांच्या कडा शेपटीकडे असतात, म्हणून हात शेपटीकडून डोक्याकडे चालवा. उजळ छटेसाठी लालमध्ये पांढरा मिसळला की ड्रॅगन गुलाबी होतो, नारिंगी मिसळा. पोटाला पिवळा द्यायचा असेल तर खाली आधी गेरूपिवळा हवाच.

खवले चुका पोटात घालतात, पंखाचा पडदा घालत नाही. वेळ तिथे द्या. वॉश संपूर्ण पंखाला एकदम लावू नका: कडा आधी वाळतात आणि चहाच्या कपाच्या डागासारखी गोल रेघ राहते. पंख आडवा ठेवायचा, दोन हाडांमधला एकच भाग घ्यायचा, साचलेला वॉश ओलसर ब्रशने टिपून पुढे जायचं. वॉश पातळ करायला पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगकण नसलेला पारदर्शक द्रव) वापरा. निव्वळ पाण्याने रंगकण फुटून डाग पडतात. वाळलेला डाग घासून काढायला गेलात तर खालचा रंगही निघेल. त्यावर मूळ रंगाचा पातळ हात देणं सोपं.

मग ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर: एक भाग रंग, चार भाग मीडियम. ब्रश भरून टिश्यूला एकदा टेकवायचा. ब्रश जिथे उचलाल तिथे रंग जास्त उतरतो, त्यामुळे सावली हवी असेल तर फटकारा हाडाकडे संपवा, उजेड हवा असेल तर पडद्याच्या मध्याकडे. एका हाताने फरक दिसणार नाही, तीन-चार लागतात. मधल्या वेळात पूर्ण वाळू द्यायचं. ओलसर थरावर ब्रश फिरला की खालचा रंग उखडून खड्डा पडतो.

डोळ्यात आधी काळा, त्यावर फिकट पिवळा, मग बाहुलीची उभी रेघ वरपासून खालपर्यंत सरळ ओढायची आणि जास्तीची पिवळ्याने कापायची. तेवढीच बारीक बाहुली काढायला जाणं म्हणजे हात थरथरायला आमंत्रण.

पंख जोडण्याआधी सांध्यावरचा रंग खरवडून टाका. गोंद रंगाला चिकटला तर पंख रंगासकट निघून येतो. फट राहिलीच तर एपॉक्सी पुट्टी (दोन भाग एकत्र मळले की कडक होणारी) भरा, ओल्या बोटाने सपाट करा, आणि वाळल्यावर तिथे रंग ओढण्याऐवजी ठिपक्यांनी मिसळा.

मॅट व्हार्निश कोरड्या दिवशीच. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. आलीच तर ग्लॉसचा एक हात देऊन पाहा, बहुतेक वेळा ती जाते, मग कोरड्या हवेत पुन्हा मॅट. डोळे, जीभ आणि हिरड्यांना ग्लॉस सगळ्यात शेवटी, ब्रशने.