फोल्डरसकट फाइली कॉपी करताना या चुका टाळा

लिनक्सवर शेकडो फोल्डरांतून फक्त जेपीजी उचलायच्या आणि आपापल्या फोल्डरसकट दुसऱ्या डिस्कवर न्यायच्या, हे माझं नेहमीचं काम. ‘दादा, सगळं एकाच फोल्डरमध्ये आलं’ हा फोनही नेहमीचाच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फाइंडच्या (फाइली शोधणारी कमांड) एक्झेकमध्ये (सापडलेल्या फाइलींवर दुसरी कमांड चालवणारा पर्याय) नुसतं सीपी (कॉपीची कमांड) देऊन सगळं एका जागी ओतणं. एका वाचनालयाची स्कॅन केलेली ३८ पुस्तकं माझ्याकडे होती. दर पुस्तकाचा वेगळा फोल्डर, आत पान-००१, पान-००२ अशी नावं. जड टिफ (स्कॅनच्या मूळ मोठ्या फाइली) वगळून जेपीजी नव्या डिस्कवर न्यायचं काम सोबतच्या मुलाला दिलं. त्याने हीच कमांड चालवली. एकही एरर आली नाही, म्हणून त्याने जागा करायला जुन्या जेपीजी लगेच उडवल्या. मी मोजल्या तर फाइली ४१२, म्हणजे सगळ्यात जाड पुस्तकाची जेवढी पानं तेवढ्याच. १९६ पर्यंत एक संगीत नाटक, १९७ पासून शेतीचं पुस्तक, ३४० नंतर तिसरंच काहीतरी. टिफ होत्या म्हणून वाचलो, तरी पुन्हा जेपीजी काढण्यात दोन रात्री गेल्या.

एक्झेकच्या शेवटी बॅकस्लॅश-अर्धविराम असला की दर फाइलला सीपी नव्याने सुरू होतं. आधी काय ठेवलं हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याच नावाची पुढची फाइल आधीची गुपचूप पुसते. अर्धविरामाऐवजी अधिकचिन्ह दिलं तर ग्नूचं, म्हणजे लिनक्सवरचं नेहमीचं, सीपी आत्ताच बनलेल्या फाइलवर लिहायला नकार देतं, पण तेवढ्या एका फेरीपुरतंच. त्याच्या भरवशावर राहू नका.

मी आधी सीडी करून पुस्तकांच्या मूळ फोल्डरात जातो, पीडब्ल्यूडीने आपण कुठे आहोत ते पाहतो, मग फाइंडला टिंब (म्हणजे ‘इथूनच’) देतो आणि सीपीला --पेरेंट्स व -पी. पेरेंट्समुळे वाटेतले फोल्डर बनतात, -पी मुळे तारखा आणि परवानग्या टिकतात. फाइंडच्या नेममधला तारा अवतरणात ठेवायचा, नाहीतर तो शेलच (आपली कमांड वाचणारा प्रोग्राम) फाइंडच्या आधी सोडवून टाकतो.

दुसरी चूक याच पेरेंट्सची. स्लॅशपासूनचा पूर्ण पत्ता दिला की नव्या डिस्कवर होम, त्यात युजर, त्यात डॉक्युमेंट्स अशी अख्खी वंशावळ उभी राहते. जेवढा पत्ता लिहाल तेवढे फोल्डर बनतील. म्हणून आधी सीडी. किंवा आरसिंकला (कॉपीचीच दुसरी कमांड) मोठा आर द्या आणि पत्ता जिथून हवा तिथे स्लॅश-टिंब-स्लॅश घाला, त्याच्या डावीकडचं सगळं गळतं. ही सोय २.६.७ आवृत्तीपासून आहे, तरी लोक अजून हाताने फोल्डर बनवत बसतात.

बाकी थोडक्यात. पेरेंट्स वापरताना जिथे न्यायचं तो फोल्डर आधीपासून लागतो. मॅकच्या सीपीत पेरेंट्स नाही. आरसिंकमध्ये स्रोताच्या शेवटी स्लॅश दिला तर फक्त आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरही. नुसत्या ताऱ्याने टिंबापासून सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली मागे राहतात. आरसिंकच्या गाळणीत (काय घ्यायचं, काय वगळायचं ते सांगणारे नियम) आधी सगळे फोल्डर इन्क्लूड, मग जेपीजी, शेवटी बाकी सगळं एक्सक्लूड. फोल्डरांची ओळ विसरलात तर आरसिंक आत शिरतच नाही.

आणि आरसिंकला -एन लावून कोरडी फेरी, म्हणजे खरी कॉपी न करता तालीम, घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॉपी झाल्यावर मी दोन्हीकडे फाइंडचं उत्तर डब्ल्यूसी -एल मध्ये (ओळी मोजणारी कमांड) घालून मोजतो. आकडे जुळले की दहा-बारा फाइली उघडून पाहतो, आणि तोवर जुन्या डिस्कवरून काहीही उडवू देत नाही.