युद्धातला जुना फोटो आजच्या रस्त्यावर बसवायचा असेल तर आधी उभं राहायची जागा शोधा

लंडनच्या बालहॅम हाय रोडचा तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, रस्त्याच्या मधोमध भलामोठा खड्डा आणि त्यात अख्खी डबलडेकर बस घुसलेली. दुसरं महायुद्ध, १४ ऑक्टोबर १९४०, रात्री आठच्या सुमारास बॉम्ब पडला, खाली ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात लोक आसऱ्याला येऊन झोपलेले, पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनी फुटून सगळं पाणी न माती आत घुसलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. वर ब्लॅकआउट, म्हणजे शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून दिवे बंद, त्यामुळे बसच्या ड्रायव्हरला खड्डा दिसलाच नाही. आज त्याच रस्त्यावरून लाल बस जातात आणि खाली तेच स्टेशन चालू आहे. हे दोन्ही एका फोटोत बघितलं की पोटात गोळा येतो, म्हणून सांगतो कसं करायचं.

फोटो मिळेल तेवढ्या मोठ्या साइझचा घ्या. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात भरपूर आहेत, पण वर्तमानपत्रांच्या फोटोंचे हक्क अजून कुणाकडे असू शकतात, ते आधी बघून घ्या. आणि दुकानांच्या पाट्या वाचून बघा, कधीकधी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला असतो.

आता खरं काम. फोटोशॉप वगैरे नंतर, नव्वद टक्के काम फूटपाथवरच होतं. दुकानं बदललेली असतात, खाली बघू नका, वरच्या मजल्यांच्या खिडक्या, कॉर्निस (भिंतीच्या वरच्या कडेची नक्षीदार पट्टी), धुराडी बघा, ती बहुतेक तशीच असतात. एक जवळची आणि एक लांबची वस्तू धरा. समजा डाव्या बाजूला जवळच्या इमारतीचा कोपरा आहे आणि जुन्या फोटोत त्याच्या पलीकडे मागच्या घराचं धुराडं दिसतंय, पण तुम्हाला ते कोपऱ्यामागे लपलेलं दिसतंय, तर उजवीकडे सरका, हळूहळू, अर्धा अर्धा पाऊल, ते बाहेर येईल. मग पुढे-मागे: जवळची इमारत लांबच्या घराच्या मानाने जुन्या फोटोपेक्षा मोठी दिसतेय म्हणजे तुम्ही फार पुढे आलात, मागे जा. झूम करून हे सुधारत नाही, झूमने सगळंच सारखं मोठं होतं. मी पहिल्यांदा हीच चूक केली, झूम करून खिडक्या जुळवल्या, खूश होऊन घरी आलो आणि बघतो तर रस्त्याची कडा कुठल्या कुठे, मग ओढून ताणून बसवायला गेलो तर इमारत वाकडी दिसायला लागली, अख्खा रविवार गेला.

उंचीपण बघा. सपाट रस्त्यावर जवळच्या आणि लांबच्या माणसांची डोकी एका रेषेत असतील तर कॅमेरा माणसाच्या उंचीवर होता, लांबच्यांची डोकी वर वर सरकत गेलेली दिसली तर फोटो वरून काढलाय. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा धुरातला घुमट, २९ डिसेंबर १९४०च्या रात्रीचा, हर्बर्ट मेसनने वर्तमानपत्राच्या ऑफिसच्या छतावरून काढला होता, तो रस्त्यावर उभं राहून जुळणारच नाही.

सावल्यांसाठी शक्यतो तोच महिना धरा. फोटोखाली वेळ दिली असेल तर एक लक्षात ठेवा, १९४०च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळं मागे केलीच नव्हती, म्हणजे तेव्हाच्या डिसेंबरातले दहा म्हणजे आजचे नऊ. जुनी प्रिंट हातात धरून जरा वाइड फोटो काढा, कडा नंतर कापता येतात, आणि पाच-सहा जागांवरून काढून ठेवा.

घरी जिंप (GIMP, फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) चालेल, फुकट आहे. नवा फोटो खाली, जुना वर, वरच्याची ओपॅसिटी पन्नास टक्के करा, म्हणजे तो अर्धा पारदर्शक होतो, आणि दोन लांब लांबच्या खिडक्यांवरून साइझ आणि कोन जुळवा. तिसरी खिडकी आपोआप बसली तर जागा बरोबर होती, नाही बसली तर परत जा, खरंच परत जा. मग वरच्या लेअरला मास्क लावा (म्हणजे पुसलेलं परत आणता येतं) आणि मऊ ब्रशने जुना भाग पुसत या. जोड भिंतीच्या कोपऱ्यावर, फूटपाथच्या कडेवर घ्या, मोकळ्या आभाळात घेतला तर ढगासारखा डाग दिसतो. जुन्यातली माणसं अर्धी पुसू नका, चेहऱ्यावरून तर ब्रश अजिबात फिरवू नका, माणूस पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. मृतदेह दिसत असलेले फोटो मी घेत नाही, त्यांची नातवंडं अजून आहेत. जुना भाग काळा-पांढराच ठेवा, नव्याचे रंग थोडे उतरवा आणि त्याला जरासा ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे, द्या, नाहीतर नवा भाग चिकटवल्यासारखा दिसतो.

मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचे, १४ एप्रिल १९४४चे, फोटो घेऊन असंच करायची माझी फार इच्छा आहे, पण गोदीत परवानगीशिवाय जाता येत नाही, तेव्हा कुणी रीतसर परवानगी काढून करणार असेल तर नक्की करा.

शेअर करताना दोन्ही फोटोंच्या तारखा आणि जुना फोटो कुणी काढला ते खाली लिहा, आणि जुना मूळ फोटो न कापता सोबत द्या, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की तुम्ही काय पुसलंत.