जुना कॅटलॉग वेबला जोडायचाय? एपीआय नंतर, आधी डेटा बघा

वाचनालयाची वेबसाइट झाली, आता घरबसल्या पुस्तकं शोधता आली पाहिजेत असं कमिटीने ठरवलं की सगळे लगेच एपीआय एपीआय (दोन प्रोग्रामनी आपसात माहिती देण्याघेण्याची सोय) करायला लागतात. थांबा जरा. एपीआय हे शेवटचं काम, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात सोपं. वेळ खातो तो जुना डेटा.

आधी कॅटलॉग ज्याच्यावर आहे त्या जुन्या मशीनची कॉपी घ्या, नुसती एक्स्पोर्ट फाइल नाही, अख्खा फोल्डर, दोन ठिकाणी, त्यातली एक वाचनालयाच्या बाहेर, कारण तळमजल्यावरचं मशीन आणि जुलै महिना म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. आणि कॉपी झाली म्हणून सुटलो असं नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखादं पुस्तक शोधून बघा.

मग सिस्टीम कुठली ते नीट विचारून घ्या. युनेस्कोचं सीडीएस-आयसिस किंवा विन-आयसिस असेल (कॅटलॉगचं जुनं सॉफ्टवेअर, फुकट मिळायचं, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होतं) तर एक्स्पोर्ट आयएसओ २७०९ मध्येच (कॅटलॉगच्या नोंदी एका सिस्टीममधून दुसरीत न्यायचा ठरलेला फॉरमॅट) निघतो, पण दर ८० अक्षरांनी ओळ तोडून आणि फील्ड संपल्याची खूण म्हणून हॅशचं चिन्ह टाकून, त्यामुळे नवीन टूल ती फाइल घेतच नाही. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्येच हे बदलता येतं, नंतर हाताने निस्तरत बसू नका. आणि फॉरमॅट तोच म्हणजे आतले फील्ड मार्क २१ चेच (वाचनालयांत आज चालणारी फील्डच्या नंबरांची पद्धत) असतील असं अजिबात नाही. त्या काळी ज्याने डेटाबेस बनवला त्याने मनाला येतील ते नंबर दिलेत, त्यामुळे कुठला फील्ड २४५ मध्ये (पुस्तकाचं नाव) जाणार, कुठला १०० मध्ये (लेखक), याचा तक्ता ग्रंथपाल मॅडमना शेजारी बसवूनच करा, एकट्या कॉम्प्युटरवाल्याचं ते काम नाही.

आता खरी डोकेदुखी, मराठी. डॉसच्या जमान्यात जिस्ट कार्ड (कॉम्प्युटरला मराठी यावं म्हणून बसवायचं कार्ड) लावून टाइप केलेला डेटा असेल तर तो बहुतेक इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांचं जुनं कोडिंग), नंतर विंडोजवर केला असेल तर कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये, आणि अर्धा इकडे अर्धा तिकडे असंही सर्रास सापडतं. सगळं यूटीएफ-८ मध्ये (आजचं युनिकोडचं कोडिंग) आणायचं, पण तिथे एक बारीक खाच आहे. आयएसओ २७०९ च्या रेकॉर्डमध्ये लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते, पहिल्या पाच अंकांत पूर्ण रेकॉर्डची, पुढे प्रत्येक फील्डची. 'मराठी' हा शब्द इस्कीत ५ बाइटचा, यूटीएफ-८ मध्ये १५ चा. नुसतं फाइंड-रिप्लेस करून अक्षरं बदलली आणि लांब्या जुन्याच राहिल्या की लेखकाच्या नावाचं शेपूट प्रकाशकात जाऊन बसतं. म्हणून कन्व्हर्जन रेकॉर्ड उलगडून करायचं, मार्कएडिटसारख्या (मार्क नोंदी दुरुस्त करायच्या) टूलने, आणि लीडरमध्ये (रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीच्या भागात) युनिकोडची खूणही टाकायची. नंतर 'दऱ्या' सर्च करून बघाच. हा ऱ्य दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण कॉम्प्युटरला ते वेगवेगळे शब्द वाटतात, त्यातली एक पद्धत तर युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (एकच अक्षर वेगवेगळं टाइप झालं तर एका रूपात आणायची रीत) सरळ होत नाही, त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो.

सालांचंही बघून घ्या. एशियाटिक सोसायटी १८०४ ची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आपल्या गल्लीतली वाचनालयंही काही कालची नाहीत, त्यामुळे कपाटात शके छापलेली पुस्तकं निघणारच, आणि कुणीतरी शके १८७२ तसंच साल म्हणून टाकलेलं असणार, म्हणजे १९५० चं पुस्तक एकदम एकोणिसाव्या शतकात. ७८ मिळवा, मूळ आकडा टीपेत ठेवा. या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख नंबर) नसतोच, त्यामुळे बाहेरच्या सर्व्हिसशी जुळवणी आयएसबीएनवर करायचा बेत असेल तर निम्मं कपाट बाहेर राहील, नाव-लेखक-प्रकाशक-साल अशी दुसरी वाट तयार ठेवा. ज्यांना जुना दहा आकडी नंबर आहे त्यांना पुढे ९७८ चिकटवून भागत नाही, शेवटचा आकडा परत काढावा लागतो.

दाखल क्रमांकाला (पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा नोंदवहीत दिलेला नंबर) मात्र हात लावायचा नाही. डुप्लिकेट दिसले, मधे गाळलेले दिसले, तरी नाही. अनुदानाच्या तपासणीला दाखल नोंदवही बघतात, आणि नोंदवहीत एक अन् वेबवर दुसरं झालं तर उत्तर देता देता नाकी नऊ येतील.

एवढं झालं की मग जोडणी. जुनं मशीन थेट इंटरनेटवर उघडू नका, कुणी झेड ३९.५० चा (कॅटलॉग बाहेरून शोधू द्यायची जुनी पद्धत) २१० पोर्ट खुला करून द्या म्हणालं तरी. मधे एक कॉपी ठेवा, कोहामध्ये (वाचनालयांचं फुकट सॉफ्टवेअर) नाहीतर साध्या डेटाबेसमध्ये, आणि बाहेरच्यांना त्या कॉपीवरूनच एसआरयू (वेबवरून कॅटलॉग शोधायची सोय) किंवा ओएआय-पीएमएच (नोंदी गठ्ठ्याने उचलायची सोय) द्या. ओएआयमध्ये वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे तारखेवर 'कालपासूनचे बदल' मागताना पहाटेच्या नोंदी आदल्या दिवसात जातात, हे आधीच टेस्ट करा. रद्द केलेली पुस्तकं डिलीटेड म्हणून कळवायची सोय आहे का तेही बघा, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वी वाळवीने खाल्लेलं पुस्तक मागायला कुणीतरी डोंबिवलीहून येईल. सभासदांची नावं-फोन या कॉपीत आणायचेच नाहीत, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच आणि तसंही कोण काय वाचतं हे जगाला कशाला?

पुस्तक आत आहे की बाहेर, हे लाइव्ह दाखवायचा हट्ट पहिल्या फेरीत करू नका. रात्री एकदा अपडेट, खाली 'काल रात्रीची स्थिती' अशी ओळ. आणि जुनं मशीन पुढची साठा तपासणी होईपर्यंत बंद करायचं नाही, काउंटरची देवघेव तोवर त्याच्यावरच.