अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज: मोठ्या वयात नोकरीसाठी शिकताना

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांपर्यंतचे कोर्स देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नाव घालणं सोपं आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेश सर्वांना खुला असतो, वयाची अट नसते आणि अर्ज एका संध्याकाळी भरून होतो. चुकतं ते कोर्स निवडताना. म्हणून आधी कॅटलॉग (कोर्सची यादी) उघडू नका. रोज जाणं-येणं जमेल अशा अंतरावरच्या नोकऱ्यांच्या वीसेक जाहिराती वाचा आणि त्यांत कोणतं लायसन्स किंवा कोणती परीक्षा मागितली आहे ते लिहून काढा. कोर्सच्या माहितीत तेच नाव दिसलं नाही, तर तो कोर्स तुमच्या कामाचा नाही.

एकच विषय बऱ्याचदा क्रेडिट (डिग्रीसाठी मोजली जाणारी एककं) आणि नॉन-क्रेडिट अशा दोन्ही विभागांत शिकवला जातो. नॉन-क्रेडिट कोर्स काही आठवड्यांत संपतो, पण पुढे डिग्रीसाठी तो धरला जाईलच असं नाही. असोसिएट डिग्री, म्हणजे इथली दोन वर्षांची पदवी, साधारण 60 क्रेडिटची. त्यातली ‘अप्लाइड सायन्स’ची डिग्री थेट नोकरीसाठी बेतलेली असते, तिचे सगळे क्रेडिट चार वर्षांचं विद्यापीठ घेतंच असं नाही. पुढे बॅचलर्स करायचा विचार असेल तर हे आधीच विचारून घ्या.

आरोग्य क्षेत्रात विशेष सावध राहा. नर्सिंग असिस्टंटसाठी केंद्र सरकारचा किमान नियम 75 तासांचा आहे, कित्येक राज्यं त्याहून जास्त मागतात. रजिस्टर्ड नर्सचा ‘दोन वर्षांचा’ कोर्स मात्र नावालाच दोन वर्षांचा. त्याआधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पूर्ण करावं लागतं आणि जागाही मोजक्या असतात, त्यामुळे तीन वर्षं धरून चाला. लसीकरण आणि पार्श्वभूमी तपासणी यांचे कागद वेळेत नसले तर हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला उभं करत नाहीत.

पैशांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. नोकरी गेली असेल तर फी भरण्याआधी जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) जा. तिथून प्रशिक्षणाचा खर्च मिळू शकतो, पण कोर्स राज्याच्या मान्य यादीत हवा आणि मंजुरी प्रवेशाआधी हवी. भरून झालेली फी सहसा परत मिळत नाही. मग फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरा. 2025-26 साठी पेल ग्रँटची (केंद्र सरकारच्या, परत न करायच्या मदतीची) कमाल रक्कम 7,395 डॉलर आहे. ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-4 (जोडीदाराच्या) किंवा एफ-1 (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर नाही. आपल्या लोकांची इथे एक फसगत होते: अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची पदवी भारतातली असली तरी नेहमीचं पेल बंद होतं. तीन वर्षांच्या बी.कॉम.बद्दल निर्णय कॉलेज घेतं, म्हणून फायनान्शियल एड ऑफिसला थेट विचारा. फाफ्सात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरलं जातं. ते आता घटलं असेल तर ‘प्रोफेशनल जजमेंट’साठी, म्हणजे आताच्या परिस्थितीवरून मदत पुन्हा ठरवून घेण्यासाठी, कॉलेजकडे अर्ज करा. हे आपणहून कोणी सांगत नाही.

पेल नाहीच मिळालं तर टॅक्स भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणासाठीची करसवलत) बघा: 10,000 डॉलरपर्यंतच्या फीचे 20 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 2,000. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. कंपनी फी देत असेल तर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते.

जुन्या मार्कशीटचं मूल्यांकन करून घेताना ‘कोर्स-बाय-कोर्स’ अहवाल मागवा. नुसत्या पदवीच्या अहवालावर विषयांची सूट मिळत नाही आणि गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

नाव घालण्याआधी विभागप्रमुखांना विचारा: लायसन्सच्या परीक्षेत किती टक्के पास होतात? सल्लागार मंडळावर इथल्या कोणत्या कंपन्या आहेत? गेल्या वर्षी कोर्स पूर्ण केलेल्यांपैकी कितींना याच कामात नोकरी लागली? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

आता वेळ. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि सहा तास घरचा अभ्यास. पूर्णवेळ नोकरी करून दोन विषय झेपतात, तिसरा घेतला की घरचं गणित कोलमडतं. विषय सोडायचाच झाला तर ‘ड्रॉप’च्या तारखेआधी सोडा. त्यानंतर फी बुडते आणि निकालात ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागतो. तो विषय घेतलेल्यांत मोजला जातो, पूर्ण केलेल्यांत नाही. पूर्ण केलेल्या क्रेडिटचं प्रमाण बहुतेक कॉलेजांत 67 टक्क्यांच्या खाली गेलं की आधी ताकीद येते आणि मग आर्थिक मदत थांबते.