डच धार्मिक चित्र हाती आलं, तर आधी येशूचा हात बघा

माझ्या वाट्याला तपासायला आलेलं पहिलं चित्र ओकच्या फळीवरचं होतं. येशू मुलांना आशीर्वाद देतोय आणि खाली कोपऱ्यात सही, ए. ब्लुमार्ट. युट्रेख्टच्या आब्राहाम ब्लुमार्ट या जुन्या डच चित्रकाराचं नाव डोक्यात घेऊन मी तीन महिने हवेत होते.

फळीचा डेंड्रो अहवाल, म्हणजे लाकडाच्या वलयांवरून काढलेलं वय, आला, तेव्हा तर पेढे वाटायचे बाकी होते. बाल्टिक ओक, काळही जुळणारा. पण तो अहवाल फक्त अमुक सालाआधी झाड तोडलेलं नाही, एवढंच सांगतो. त्यावर कोणी आणि केव्हा रंगवलं, हे लाकडाला काय माहीत? फान मेगरेन या बनावट चित्रं करणाऱ्या डच चित्रकारानं अस्सल सतराव्या शतकातल्या कॅनव्हासवरच 'एमाउस' हे येशूचं चित्र रंगवलं होतं. १९३७ मध्ये ब्रेडियससारख्या जाणकारानं ते थोर डच चित्रकार फर्मेरचं म्हणून डोक्यावर घेतलं आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयानं विकत घेतलं. तेव्हा आपण फसलो, तर फार मनाला लावून घेऊ नका.

मी फसले ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या चित्रातला येशू डाव्या हातानं आशीर्वाद देत होता. आपण डाव्या हातानं प्रसादसुद्धा घेत नाही, आणि मी तीन महिने तो हात बघत होते!

आता हे नीट समजून घ्या. एनग्रेव्हर, म्हणजे छपाईसाठी चित्र कोरणारा कारागीर, मूळ चित्र बघून तांब्याच्या पत्र्यावर जसंच्या तसं कोरतो. कागदावर छापलं की ते उलटं येतं, उजवा हात डावा होतो. पुढे कोणी ती छाप समोर ठेवून रंगवलं, की उलटा हात फळीवर येतो. छाप काळी-पांढरी, त्यामुळे रंग नक्कल करणाऱ्याच्या मनाचे. माझ्या चित्रातले झगे भलतेच गुलाबी होते, तेही मी 'ब्लुमार्टची रंगसंगती' म्हणून वहीत टिपलं होतं. आणखी खुणा शोधा: डाव्या हातानं लिहिणारा संत, उजव्या कमरेला तलवार. मात्र काही एनग्रेव्हर मुद्दाम उलटं कोरत, म्हणजे छाप सुलटी येई. त्यामुळे उजवा हात दिसला म्हणजे चित्र अस्सल, असं अजिबात नाही.

अशा नकला होत्या तरी का इतक्या? हॉलंडातल्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चमध्ये चित्रं लावत नसत, कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी. ॲमस्टरडॅममधलं १६६३ चं माळ्यावरचं चर्च जमलं तर बघून या, घराच्या पोटात लपवलेलं आहे. बायबलमधले प्रसंग लोकांना घरात हवे असत, आणि छापील चित्रं स्वस्त होती.

म्हणून चित्राचा फोटो मोबाइलवर आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटा करा आणि मग शोधा. हेगच्या आरकेडी या कलेतिहास संस्थेचा डेटाबेस आणि राइक्सम्युझियमचा छापासंग्रह घरबसल्या बघता येतो. चित्रकाराच्या नावानं शोधू नका, हे मी ओरडून सांगते. विषयानं शोधा; आयकॉनक्लास या चित्रविषयांच्या क्रमांक-यादीत ७३ म्हणजे बायबलमधला नवा करार. गूगलच्या इमेज सर्चवर माझा राग आहे, त्यानं मला दोन आठवडे ब्लुमार्टच दाखवला. आणि चित्र बघताक्षणी नाव सांगणारे गुरू टाळा. माझ्या एका सरांनी असंच ब्लुमार्टचं नाव सांगितलं होतं, मी शेपटासारखी मागे गेले.

छाप सापडली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. खालच्या ओळीत 'इन्व्हे.' म्हणजे रचनाकार, 'स्कल्प.' म्हणजे कोरणारा. रचनाकार दुसराच निघाला, ब्लुमार्टचा पत्ताच नाही. मग अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. जुनं व्हार्निश हिरवट चमकत होतं आणि त्याच्यावर सही काळीकुट्ट, म्हणजे मागाहून घातलेली. दहा मिनिटांचं काम. ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

चित्राच्या मालकीणबाईंना 'आफ्टर' असं लिहून दिलं, म्हणजे दुसऱ्याच्या रचनेची नक्कल. त्यांनी विचारलं, सही पुसून टाकू का? म्हटलं, राहू द्या, फक्त विम्याच्या कागदावरून ब्लुमार्ट काढा.